सिद्धेशच्या मोटारसायकलीला लागलेलं कुंकू

१२ एप्रिल

तीर्थरूप अरुणदादा,

साष्टांग नमस्कार (आठ अंगांतला उजवा गुडघा तेवढा वगळून, कारण पुढे येईल). तुझी शुगर कशी आहे? अहिल्यावहिनींनी घरात गोड बंद केलं हे कळलं, आणि तू कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याने जिलेबी खातोस हेही कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. मी मजेत आहे. बर्फ वितळला, ट्युलिप वर आले, ते हरणांनी खाल्ले. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तू माझा फोन स्पीकरवर टाकतोस आणि मग सगळी गल्ली ऐकते.

पहिली गोष्ट, मी मोटारसायकल विकत घेतलेली नाही. माझ्या इथल्या मैत्रिणीने, कांचनने, तुला फोटो पाठवलाच असेल (तिच्या बोटांना दम निघत नाही). त्यात हेल्मेट घालून हार घातलेल्या गाडीशेजारी उभी असलेली बाई मीच आहे. पण विकत घेतलेली नाही, हे ध्यानात ठेवून पुढे वाच.

नाताळात सिद्धेश फ्रिस्कोहून आला. आदल्याच आठवड्यात तिन्हीसांजेला गाडी आत घेताना मी आमचीच टपालपेटी आडवी केली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कृपेने माझ्या लायसन्सवर ‘फक्त उजेडात’ ही अट त्याआधीच आली होती (चाळीस वर्षं मी लोकांना भूल दिली, या एका माणसाला देता आली नाही). सिद्धेशने दोन दिवसांत माझी कार विकली आणि नरेंद्रच्या फोटोसमोर माझ्याकडून वचन घेतलं. बापासारखाच इंजिनीअर, त्यामुळे वचनही कलमवार. एक, आईने दुसरी गाडी विकत घ्यायची नाही. दोन, मेअखेरपर्यंत दूध, औषधं आणि लायब्ररीची पुस्तकं कोणालाही न सांगता स्वतः आणता आली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून फ्रिस्को.

फ्रिस्कोला काय वाईट आहे? काहीच नाही. माझ्यासाठी खाली वेगळी खोली आहे, गुरुवारी भजन आहे, आणि सून नीना मला जिथे म्हणेन तिथे नेऊन सोडेल. नीना फार चांगली मुलगी आहे, त्यातच सगळी पंचाईत आहे. दादा, मला नेऊन सोडलेली बाई व्हायचं नाही. हे घर नरेंद्रने आणि मी उभं केलं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी सकाळी त्याच्या सफरचंदाच्या झाडाखाली चहा घेतला की मला एकटं वाटत नाही. तिकडे माणसांच्या गर्दीत वाटेल.

मार्चमध्ये शेजारचा डेल (गाईवाला, एकोणऐंशी वर्षांचा) त्याचं जुनं कोठार रिकामं करत होता. मला बोलावून म्हणाला, तुझ्या मुलाची एक वस्तू माझ्याकडे एकवीस वर्षं पडून आहे, ती घेऊन जा. ताडपत्री काढली तर खाली निळी मोटारसायकल! डोंगरात, चिखलात उडवायची ती. दिवा नाही, आरसा नाही, हॉर्न नाही. सिद्धेशने एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या नावावर घेतली आणि आमच्यापासून लपवून डेलकडे ठेवली. तेव्हा तो दर रविवारी ‘लायब्ररीतून’ चिखलाने माखून यायचा. मी कपडे धुवायची आणि गप्प बसायची.

आता बघ, विकत घ्यायची नाही असं वचन होतं. घरचीच सापडली तर काय, असं कलम त्यात नव्हतं.

डेलने आणि मी ती रस्त्यावर चालण्याजोगी करायला घेतली. रस्त्याचे टायर आले, आरसे आले, पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा आला. सीट इतकी उंच होती, की मी देवघरातला पाट घेऊन वर चढायची. चढणं जमलं, पण कोपऱ्यावर थांबल्यावर पाय जमिनीला पोचेना आणि मी गाडीसकट सावकाश, अगदी शिष्टाचाराने, डावीकडे कलायचं ठरवून उजवीकडे पडले. (गुडघा तो हाच.) मग डेलने गाडी चार बोटं खाली उतरवली. हॉर्न त्याच्या जुन्या ट्रकचा बसवला. तोच हॉर्न वाजवून तो वीस वर्षं गाईंना वैरण घालत आला असल्यामुळे, मी पहिल्यांदा वाजवला तेव्हा सगळ्या गाई कुंपणाशी येऊन माझ्याकडे अपेक्षेने बघत राहिल्या.

चालवण्याच्या वर्गात मास्तरांनी विचारलं, आधी कधी चालवली आहे का? मी म्हटलं, १९७४ साली, नागपुरात, भावाच्या मित्राची, वडिलांना न सांगता. ते हसले. परीक्षेत पहिली आल्यावर हसायचे थांबले. तुझी शिकवणी वाया गेली नाही हो दादा.

आता कुंकू. गाडीच्या सरकारी तपासणीच्या दिवशी कांचनने मुहूर्त काढला आणि पूजेशिवाय गाडी हलू देईना. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, नारळ. स्वस्तिक इथे काढू नये हे इतक्या वर्षांत आम्ही शिकलोय, म्हणून तिने ‘श्री’ काढायचं ठरवलं आणि पुढे एक छान सपाट जागा बघून तेलात कालवलेल्या कुंकवाने काढला. ती सपाट जागा म्हणजे गाडीचा नंबर जिथे कोरलेला असतो, ती. तपासनीस वाकून बघतोय तर आकड्यांत लाल लोणी भरल्यासारखं. त्याने फडक्याने पुसलं तसं ते आणखी आत गेलं. नंबरात फेरफार केल्याचा संशय येऊन त्याने मला तीन प्रश्न विचारले, आणि कांचनने मदत म्हणून त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने तो खाल्ला आणि आम्हाला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी टूथब्रश घेऊन दोन तास आकडे घासले. मग गाडी पास झाली, पण पुढचा दिवा मिणमिणता म्हणून कागदावर शेरा आला, ‘फक्त दिवसा’. म्हणजे माझ्या आणि गाडीच्या कागदावर आता एकच अट आहे. मला तर ती तेव्हापासून बहिणीसारखी वाटायला लागली आहे.

वहिनींना नमस्कार. गोड कमी खा.

तुझी,
मृणाल

ता. क. नंबरप्लेट अजून मिळालेली नाही. गाडी सिद्धेशच्या नावावर आहे, त्यामुळे ती माझ्या नावावर करायला त्याची सही लागते. सोबत फॉर्म जोडला आहे, फुली मारली आहे तिथे सही हवी. आपल्या प्लॉटचे कागद तू त्याला पाठवतोस ते तो मामावरच्या विश्वासाने न वाचता सही करतो, हे मला ठाऊक आहे. या खेपेला मधेच हा एक सरकवून दे. पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच. बाकीचं करमणूक म्हणून वाच.

ता. क. २ पाकीट पुन्हा उघडलं आहे. आत्ताच सिद्धेशचं टपाल आलं. गाडीचा मूळ कागद, सही करून, माझ्या नावावर. तारीख मार्चची. डेलने मला सांगायच्या आधी त्याला फोन केला होता म्हणे, आणि महिनाभर दोघेही गप्प. सोबत रविवारच्या मराठी शाळेतल्या त्याच्या वाकड्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘आई, फक्त दिवसा चालव. तिसऱ्या किकला सुरू होते.’ मी पायरीवर बसून बराच वेळ रडले. फॉर्म पाकिटातून काढून फाडून टाकला आहे.

ता. क. ३ माझ्याकडून ती पहिल्याच किकला सुरू होते. हे त्याला कळवायचं नाही.