बाबांच्या गाण्यांचे प्रकार

९ मार्च, रविवार
संकल्प केला. १४ एप्रिलपर्यंत बाबांच्या सगळ्या कॅसेटींचं शास्त्रशुद्ध वर्गीकरण. घरात मी एकटी ग्रॅज्युएट, त्यातून कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी. मी नाही करणार तर कोण?
परिस्थिती गंभीर आहे. बाबा कबनूरला यंत्रमागावर कामाला होते तेव्हा तिथल्या दुकानातून स्वतःला हव्या त्या क्रमानं कॅसेटी भरून घ्यायचे. एकाच बाजूला भीमगीत, मग लावणी, मग कव्वाली, मध्येच पाळणा. हा संग्रह नव्हे, मिसळ आहे. तरी फुलेवाडीला राहायला आल्यापासून रोज संध्याकाळी हीच मिसळ.
बाबांना योजना सांगितली. हसले. मान डोलावली. मंजूर.

१२ मार्च
कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला एका कॉम्प्युटरच्या दुकानात दिल्या. एकेक गाणं वेगळं कापायचं काम माझं. आठवड्यात होईल.

२० मार्च
झालेलं नाही. पण कापणं हे दुय्यम काम आहे. खरा प्रश्न तात्त्विक आहे: भीमगीत कुठे ठेवायचं? लायब्ररीतली संयोगिता म्हणाली, भक्तिसंगीतात टाक आणि मोकळी हो. मी डबा बंद करून उठले. ती भक्ती नाही, विचार आहे. मग लोकसंगीत? पण अर्धी गाणी कव्वालीच्या चालीवर. मग कव्वालीत?
शेवटी बाबांनाच विचारलं. भक्तीत घालू? व्हय म्हणाले. लोकसंगीतात? व्हय. कव्वालीत? व्हय की. बाबांचं मन फार मोठं आहे, पण वर्गीकरणाला त्याचा उपयोग नाही.

२६ मार्च
भीमगीताला स्वतंत्र फोल्डर दिला. हे आधीच सुचायला हवं होतं. एकूण नऊ फोल्डर. ‘इतर’ नावाचा नाही, याचा अभिमान आहे. (पाळणा तात्पुरता ‘इतर’मध्ये.)
कॅसेटी आणि जुना टेप भंगारवाल्याला दिला. आई दारात आडवी उभी राहिली, म्हणाली, असूं देत की गं, काय खायाला मागत्यात व्हय तुज्याकडं? मी समजावलं की एका गोष्टीच्या दोन प्रती ठेवणं म्हणजे अडगळ. आई बाबांकडे बघत राहिली. बाबांनी हातानंच सांगितलं, जाऊ दे. मागावरची माणसं मागांच्या खडखडाटात एकमेकांशी अशीच खुणांनी बोलतात. बाबांची सवय गेलेली नाही.

३० मार्च, पाडवा
उद्घाटन. नवा ब्लूटूथ स्पीकर. ‘कव्वाली’ फोल्डर, सलग. पूर्वी बाबा गाणं लागायच्या आधीच पहिली ओळ म्हणायचे, मांडीवर थाप मारायचे. आज गायले नाहीत. नजर माझ्या तोंडावर, आणि मान डोलत होती. एकाग्र श्रवण म्हणतात ते हेच. वर्गीकरणाचा परिणाम.

५ एप्रिल
बाबा तीन दिवस संध्याकाळी बाहेर कट्ट्यावर बसतात. उन्हाळा आहे.

६ एप्रिल, रविवार
आज आईनं सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. बाबांचे कान मागानं कधीच खाल्लेत. मी कॉलेजला होते तेव्हापासून. समोर तोंड बघून समजून घेतात, नाहीतर व्हय म्हणतात. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, म्हणून मला कळलं नाही.
मग रोज गाणी कशी ऐकत होते? आई म्हणाली, “बटन दाबलं की पयलं कुठलं, मागनं कुठलं, समदं पाठ हुतं त्येंला. डोस्क्यात वाजायचं. आता तू कुठलं लावलंयस त्येच कळंना झालंय.”
मला का नाही सांगितलं? तर म्हणे, सांगितलं असतं तर शिकायचं सोडून दवाखाने हिंडत बसली असतीस. बाबांनीच शपथ घातली होती. दवाखाना झालाय, कानाच्या मशीनचा उपयोग नाही म्हणाले डॉक्टर.

७ एप्रिल
खचण्याचं कारण नाही. क्रम मोडला, क्रम जोडता येतो. भंगारवाल्याकडे गेले. माल गेला म्हणाला. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलीनं न कापलेल्या मूळ फाइली पुसल्यात. माझ्याकडच्या मीच पुसल्या, जागा हवी म्हणून.

१० एप्रिल
बाबांसमोर बसून, तोंड नीट हलवून विचारलं, पहिली कॅसेट, पहिलं गाणं? त्यांनी डोळे मिटले. बोटानं हवेतच बटण दाबून पाहिलं. मग म्हणाले, “कॅसेट हातात असली की येतंय बग. अशी न्हाय येत.” वर माझीच समजूत काढली, तू एवढी शिकलीस, तुजं बरोबरच असणार.
आठवेल. चार दिवस आहेत.

१४ एप्रिल, संध्याकाळी
ठरल्याप्रमाणे कार्यक्रम केला. बाबांनी पांढरा शर्ट घातला, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि स्पीकरजवळ खुर्ची ओढून बसले. मी ‘भीमगीत’ उघडलं, बटण दाबलं. स्पीकर एकदा टुक वाजला आणि बंद पडला. चार्ज करायचा राहिला होता. वायर शोधायला आत गेले.
बाहेर आले तर बाबा मान डोलवत होते. पाडव्याला डोलवत होते तशीच. मला बघून जरा जास्तच. बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.
आई चुलीपुढून हलली नाही.
मी वायर घेऊन वाकले तसं बाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “झ्याक लावलंयस पोरी. बंद करू नगंस.”
बंद केलं नाही.