सहलेखिका देवकाबाई, मु. पो. करडी

१४ जून, सोमवार
विद्यापीठाचं परिपत्रक आलं. येत्या वर्षाचे शैक्षणिक अग्रक्रम. पहिलाच मुद्दा: ‘स्थानिक ज्ञानावर आधारित संशोधनास प्राधान्य.’ वाचून स्टाफरूममध्ये मोठ्यानं हसलो. मागच्या पानावर पदोन्नतीच्या मुलाखतींची तारीख. सहयोगी प्राध्यापकपदासाठी फाइली लवकर द्या म्हणे. माझ्यानंतर लागलेले दोघं पुढे निघून गेले, मी अजून तिथंच. यंदा हुकलं तर नवे नियम, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. हसणं बंद केलं, कपाटातून फाइल काढली. सोबत झुरळंही निघाली.

१७ जून
ढोकेनं फाइल तपासली. तो केमिस्ट्रीचा, पण कॉलेजातल्या सगळ्यांच्या फाइली त्याच्याच हाताखालून जातात. एका पेपरवर येऊन अडला. धानातलं तण ओळखण्यावरचा माझा पेपर. नोकरीत केलेलं एकच काम, ज्याची मला लाज वाटत नाही.
ही दुसरी लेखिका कोणत्या कॉलेजची, विचारतो. म्हटलं, कॉलेजची नाही, करडीची. लोकांच्या शेतात धान लावायला, रोवणीला जाते.
त्यानं चष्मा काढला. "मजाक करून राहिला का यार?"
नियम असा की लेखक दोन असले तर गुण वाटले जातात. वरून तिच्या नावापुढे पदनाम नाही, संस्था नाही, म्हणून समिती अख्ख्या पेपरवरच शंका घेणार. मी दीड गुणानं खाली. एकटा लेखक असतो तर पार.
उपाय त्याच्याजवळ तयार. संपादकाला दोन ओळींचं पत्र टाकायचं: नजरचुकीनं हे नाव लेखकांत पडलं, कृपया आभारात घ्यावं. असं बरेच लोक करतात म्हणे.

१८ जून
नजरचुकीनं! वा रे वा.
या कामाला सुरुवात झाली त्या वर्षी करडीला धानाच्या बांधीत, धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभा होतो. पंधरा-वीस बाया वाकून रोवत होत्या. देवकाबाई मधेच एखादं रोप धुऱ्यावर फेकायची, वर न पाहता. विचारलं, तर म्हणे, "हा धान नोहोय, लुच्चा होय." मी वनस्पतिशास्त्रातला डॉक्टर, मला दोन्ही रोपं सारखीच. जंगली धान लोंबी आल्याशिवाय ओळखू येत नाही, असं वर्गात छातीठोक सांगत होतो. तिनं फेकलेली रोपं घरी आणली, ठेवलेलीही आणली, कुंड्यांत लावली, चिठ्ठ्या लावल्या. लोंबी आली. तिचं एकही रोप चुकलं नव्हतं. पुढच्या हंगामात पुन्हा केलं, पुन्हा तेच. खोडाच्या बुडाची, पानाच्या सांध्याची एकेक खूण तिनं हाताला धरून दाखवली. मी मोजमाप घेतलं आणि इंग्रजीत लिहिलं.
खरं म्हणजे पहिलं नाव माझं कसं, हे विचारायला पाहिजे. ते कोणी विचारत नाही.

२५ जून
सुनंदाशी वाजलं. तिचं म्हणणं, इतकी वर्षं घासली, आता एका नावासाठी सगळं घालवता का. आणि वर, "तिनं तो पेपर पाहिला तरी आहे का हो?"
नाही पाहिला. छापून आला तेव्हा मी तिला तोंडी सांगितलं, प्रत दिलीच नाही. द्यायची राहिली म्हणू का सुचलंच नाही म्हणू? बायकोनं बरोबर पकडलं, म्हणून जास्तच चिडलो. ताटावरून उठलो. मग भूक लागली, परत येऊन बसलो. तिनं वरण गरम करून वाढलं.

२ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. गोड माणूस, आधी चहा मागवतो. पत्र टाइप करून तयार, फक्त माझी सही बाकी. तुमचंही भलं, कॉलेजचंही, मूल्यांकनात एक सहयोगी प्राध्यापक वाढतो, वगैरे.
मी परिपत्रक पुढे सरकवलं, पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं. म्हटलं, सर, हे स्थानिक ज्ञान कोणाचं धरायचं? त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. "ज्ञान स्थानिक पाहिजे म्हटलं आहे. लेखक स्थानिक पाहिजे असं कुठं आहे?"
अगदी मनापासून म्हणाले. त्यांना त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही.
पत्र तिथंच फाडायला पाहिजे होतं. घडी करून खिशात घातलं. या वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. खिशात घातलं, आणि घरी येऊन पेन कुठं आहे तेही पाहिलं.

११ जुलै, रविवार
करडीला जाऊन आलो. पेपरची प्रत घेतली, पत्रही घेतलं. मनात काय होतं ते मला माहीत आहे. देवकाबाई म्हणेल, काढून टाका बाप्पा, मले काय करायचं त्याचं. मग मी मोकळा. तिच्याच तोंडून घ्यायचं आणि हात झटकायचे.
रोवणी जोरात. ती चिखलातून धुऱ्यावर आली, लुगड्याला हात पुसले. नाव कुठं आहे, विचारलं. मी दाखवलं. इंग्रजी अक्षरं, तरी बराच वेळ पाहत होती. बोट कागदाजवळ नेलं, चिखल लागेल म्हणून टेकवलं नाही.
मग मी सांगितलं. समिती, गुण, पत्र. सांगताना माझाच आवाज मला आवडला नाही.
ती म्हणाली, "हजेरीत नाव काटतेत ते कामावर नाही आला त्याचं. मी तं सारे दिवस होती, सर. मंग माहं काहून काटता?"
रागानं नाही. खरंच विचारत होती. कुठं खाडा पडला ते आठवून पाहत होती. त्या दोन हंगामांत एकदा नातीला ताप होता, तेव्हा दुपारी आली होती, ते तिनं स्वतःहून सांगितलं. तेवढ्यानं काटलं का, म्हणे.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकीच्या बायांचे हात थांबले होते. म्हटलं, नाही बाई, तुमचा खाडा नाही. खाडा माझा आहे. पत्र काढलं, चार तुकडे केले.
"कचरा बांधीत नका टाकू," म्हणाली, आणि प्रत डोक्याच्या पदरात खोचून परत रोवायला उतरली.
तुकडे खिशात घेऊन एस.टी.नं आलो.

१२ जुलै
फाइल दिली. लेखकांचा वाटा या रकान्यात लिहिलं: रोपांची ओळख, खुणा, निवड, सगळं देवकाबाई. मोजमाप आणि लेखन मी. ढोके म्हणे, "मरशील." म्हटलं, मरू दे. आता प्राचार्य नाही, कुलगुरू आले तरी या नावाला हात लावू देत नाही. शिव्या देत देत त्यानं पानांवर क्रमांक टाकून दिले.

२८ जुलै, बुधवार
नागपूर. मुलाखत झाली. निघताना सुनंदा म्हणाली, आता मधेच नरम पडू नका. हीच ती.
समितीत पाच जण. सगळं सुरळीत, मग तो पेपर. अध्यक्ष म्हणाले, काम चांगलं आहे, पण सहलेखिकेचं शिक्षण काय? म्हटलं, दुसरी. एक जण हसला. त्याचं हसू संपेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राहिलो.
अध्यक्ष समजुतीनं बोलले. दुरुस्तीपत्राला अजून आठवडा आहे, आम्ही वाट पाहू, तुमचं नुकसान कायले करून घेता.
म्हटलं, "सर, हे काम त्या बाईचं आहे. तिचं नाव काढून मला वर चढायचं नाही. नापास करा, पण कारण कागदावर लिहून द्या."
कोपऱ्यातल्या लिपिकानं हळूच विचारलं, दुसऱ्या लेखिकेचा पदनामाचा रकाना रिकामा आहे, काय लिहू?
"रोवणीकरीण," मी म्हटलं. "लिहा."
त्यानं पेन उचललं आणि अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष खिडकीबाहेर पाहत होते. मला जा म्हणाले. त्यानं लिहिलं का नाही, ते मला दिसलं नाही.