समोरून वाचलेला ऑक्सिजन

अहो,
नमस्कार. वाकले की खोकला येतो, म्हणून बसल्या जागीच पाया पडले असं समजा.

इथे लेकाकडे माझं झकास चाललंय. ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा रोज बोटाला लागतो. आठ दिवस आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला नाही तरच तुमच्याकडे घरी पाठवणार, असा तुमच्या या इंजिनिअरचा हुकूम. काल आठवा दिवस. समोर बसून वाचलं नि ओरडला, "आई, शहाऐंशी!" सून रडायलाच लागली. हा दवाखान्यात फोन लावतोय.

मी म्हटलं, "अरे शहाण्या, माझ्या बाजूला येऊन वाच." आला. अठ्ठ्याण्णव! इंग्रजी अठ्ठ्याण्णव उलटीकडून शहाऐंशी दिसतात हो. मी दुसरीत शाळा सोडली, पण सुलट वाचते.

तरी म्हणतो, अजून आठ दिवस राहा. तुम्हीही फोनवर त्याचीच री ओढलीत! जिना चढताना मधे जरा टेकावं लागतं, पण त्याचा बोभाटा नको.

तुम्ही वेळेवर जेवता ना? गुडघा कसा आहे?

सुनेला पटवून तिकीट काढलंय. रविवारी सकाळी पोचते. "ये" म्हणायचं नसेल तर नका म्हणू, दार तेवढं उघडा.

तुमचीच,
कुणाचं न ऐकणारी