तुम्ही बदललेले शब्द

नाना, मी त्या मेळाव्याला जाऊन आले. तुम्ही जाणार होतात तोच, जगभरातल्या मेनोनाइट मंडळ्यांचा, दर काही वर्षांनी नव्या देशात भरतो तो. आपण मेनोनाइट म्हणजे नेमके कोण, असं नांदेडात कुणी विचारलं की तुम्ही ‘लढाईला न जाणारे ख्रिस्ती’ एवढंच सांगायचात, आणि समोरचा ‘म्हणजे भित्रे’ म्हणाला की मनापासून हसायचात. आजोबा बिलोलीच्या पलीकडून, तेलुगू मुलखातून तो पंथ घेऊन आले होते. नांदेडात आपलं तसं एकच घर.

मी आता लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. चौकातल्या फलकावर नंबर काढलेल्या पोरांच्या फोटोंच्या वर माझाही फोटो असतो. तुम्ही पाहिला असता तर म्हणाला असतात, एवढे दात कशाला दाखवलेस. आतेभावाच्या चर्चच्या मंडळीतून एक बाई ऐनवेळी गळली, इंग्रजी येणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मला विचारलं. मी आधी नाही म्हणाले. त्या लोकांवर माझा राग होता, तो का हे तुम्हाला माहीत आहे, किंवा नसेलही.

तिथे भल्यामोठ्या सभागृहात हजारो माणसं वाद्यांशिवाय चार सुरांत गात होती. तुम्ही रविवारी आंघोळ झाली की चारही सूर एकट्याने लावायचात आणि आई म्हणायची, शेजाऱ्यांवर तरी दया करा. मला रडू आलं. मागे काचेच्या खोल्यांत दुभाषे बसले होते. त्यातला एक टक्कल पडलेला माणूस घाम पुसत, हातवारे करत बोलत होता. माझं सगळं लक्ष त्याच्याकडेच. तुम्ही तिथे बसायला हवे होतात, नाना.

भूकंपाच्या वर्षी तुम्ही मला अकरावीला लातूरला ठेवलं होतं. आपल्या मंडळीतर्फे एक परदेशी पाहुणे बायकोसह मदत घेऊन आले आणि तुम्ही शाळेत रजा टाकून त्यांचे दुभाषे झालात. एका रविवारी माझ्या खोलीपुढे जीप थांबवून म्हणालात, “चल, जरा इंग्रजी कानावर पडंल.” निलंग्याकडच्या त्या गावात घर असं उरलंच नव्हतं, नुसते दगडमातीचे ढीग. पत्र्याच्या शेडपुढे एक बाई बसली आहे. तिचा मुलगा गेलाय. पाहुणे तिच्यापुढे गुडघ्यावर बसतात आणि तुम्हाला इंग्रजीत सांगतात, यामागे देवाची योजना आहे, तिचं मूल देवाजवळ आहे, असं तिला सांगा. तुम्ही ऐकून घेता. मग तिच्याकडे वळता.

“बाई, सायब इचारायलेत, सकाळपासून काही खाल्लं का?”

ती नाही म्हणून मान हलवते. दिवसभरात तिने तोंड उघडलेलं नाही, असं शेजारची सांगत होती. ती तुमच्याकडे बघत बोलू लागते. “त्या राती गणपती बुडवून आला, समदं अंग भिजवून. मारलं म्या. उपाशीच झोपला त्यो.”

पाहुणे विचारतात, काय म्हणाली? तुम्ही इंग्रजीत सांगता, आभार मानते आहे.

आणि मी, सोळा वर्षांची, वर्गात पहिला हात वर करणारी, मध्येच बोलले. इंग्रजीत, व्याकरणाची एकही चूक न करता. माझे वडील तसं म्हणाले नाहीत, त्यांनी जेवणाचं विचारलं. आणि ती आभार मानत नाही, तिने मुलाला मारलं होतं, तो उपाशी झोपला, असं सांगते आहे. पाहुण्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग खिशातून वही काढून लिहून घेतलं. बाईला इंग्रजी कळत नव्हतं, पण वही कळत होती. तिने पदर तोंडावर ओढला आणि ती आत निघून गेली.

तुम्ही मला जीपच्या मागे नेलंत. ओरडला नाहीत. “तिनं ते मला सांगितलं हुतं, पोरी. सायबाला न्हाई.” एवढंच बोललात आणि तिच्यासाठी भाकरी मागायला शेजारच्या शेडकडे गेलात.

त्या आधीच पाहुण्यांनी तुम्हाला मेळाव्याला दुभाषा म्हणून न्यायचं कबूल केलं होतं. तुम्ही पासपोर्टही काढला होता. पुढे काहीच झालं नाही. मी विचारलं की तुम्ही ‘बघू’ म्हणायचात, मग तेही थांबलं. एका चुकीसाठी त्यांनी तुम्हाला गाळलं, असं मी धरून चालले. तुम्हाला माती दिली त्या दिवशी त्यांच्याकडून आलेला हार मी कोपऱ्यात ठेवला होता.

मेळाव्यात जेवणाच्या रांगेत एका म्हातारीने माझ्या गळ्यातल्या कार्डावर तुमचं नाव आणि नांदेडचा पत्ता वाचला आणि माझा हात धरला. त्या पाहुण्यांची बायको. त्या दिवशी ती जीपमध्येच बसून होती, म्हणाली. पाहुणे आता नाहीत. आम्ही तुझ्या वडिलांना दोनदा पत्र घातलं, ती सांगत होती, आमचा आग्रह होता. त्यांनी उत्तर पाठवलं की माझ्या तोंडी शब्द बदलतात, एवढ्या लोकांपुढे मी उभा राहू नये, दुसरं कुणीतरी न्या. तिने मला विचारलं, ते असं का म्हणाले असतील? मी म्हणाले, मला माहीत नाही. हातातलं ताट ठेवून मी बाहेर गेले.

म्हणजे तुम्हाला त्यांनी गाळलं नाही, नाना. मी. आणि इतकी वर्षं तुम्ही मला त्यांच्यावर रागावू दिलंत, कारण तो राग काढून घेतला तर माझ्याकडे काय उरेल हे तुम्हाला दिसत होतं. तुम्ही असतात तर मी माफी मागितली असती. तुम्ही ती हसण्यावारी नेली असती, आणि मलाही सुटल्यासारखं झालं असतं. आता तसं सुटता येत नाही.

हे पत्र मी वहीतच ठेवणार आहे. एक गोष्ट त्या म्हातारीला सांगितली नाही, आईला कधी सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. त्या दिवशी लातूरला परत येताना तुम्ही पुढच्या सीटवर पाहुण्यांशेजारी बसला होतात. पाहुणे मागे वळून मला म्हणाले होते, तुझं इंग्रजी फार चांगलं आहे. मी सगळा रस्ताभर खूश होते.