पिवळ्या पट्ट्यापलीकडचं मशीन

तुरुंग, मिनेसोटा
१३ ऑक्टोबर २००२

ति. सौ. मार्लिसताईस,
धाकट्या लॉरेनचा सा. न. वि. वि.

तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस याची आता सवय झाली आहे. तरी लिहितो, कारण या वेळी विषय आईचा आहे.

आज ती भेटीला आली होती. नेहमीसारखीच चर्चच्या गाडीतून, पारदर्शक पिशवीत पैसे घेऊन. बाहेरचं काही आणायला बंदी, म्हणून चर्चच्या तळघरात अख्ख्या गावाला जेवू घालणारी आपली आई मला मशीनमधलं कोंबडीचं सँडविच खाऊ घालते. कैद्याने पैशाला हात लावायचा नाही आणि जमिनीवरचा पिवळा पट्टा ओलांडायचा नाही. मशीन पट्ट्याच्या पलीकडे. मी बसून बघतो, ती जाऊन आणते.

आता तिथे नवं मशीन आलंय. पाचाची नोट घातली की सुटे म्हणून डॉलरची सोनेरी नाणी पडतात, खण खण करत, थेट खालच्या खणात. आज ती नाणी घ्यायला आई वाकली आणि बराच वेळ वरच उठेना. मशीनला धरून उभी राहिली. मी इथे खुर्चीत. परत आल्यावर म्हणाली, नाण्यावरची बाई बघत होते, पाठीला पोर बांधलंय तिने. ताई, मी तिचाच मुलगा आहे, थापा मला ओळखता येतात. तिचा कोटही अंगावर लोंबत होता. तिला काय झालंय ते मला खरं कळव.

ब्रिटाला मामाचा पापा. तुझा राग आहे तेवढा राहू दे, पण उत्तर दे.

तुझा,
लॉरेन

---

फर्गस फॉल्स
२७ ऑक्टोबर २००२

चि. लॉरेन यास,

पुढे आशीर्वाद लिहायचे असतात, पण अजून हात धजत नाही. ज्या माणसाचा तू दारूच्या नशेत जीव घेतलास त्याची बायको मला दर शनिवारी दुकानात भेटते. ती माझ्याशी नीट बोलते, त्याचंच जास्त लागतं.

आईला सर्दी झाली होती, ती छातीत उतरली. डॉक्टर बघताहेत. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

त्या सोनेरी नाण्यांचं मात्र तूच बघ. आई ती खर्च करत नाही, घरी आणते. ब्रिटाचा पुढचा दात पडला. आपल्याकडे रात्री दातपरी येऊन उशीखाली पैसे ठेवते, तसं आईने तुझ्या मशीनमधलं नाणं ठेवलं आणि सकाळी पोरीला सांगून मोकळी झाली की लॉरेनमामाने पाठवलंय. ब्रिटा आता शाळेत सांगत सुटली आहे की माझ्या मामाचा सोन्याचे पैसे पाडायचा कारखाना आहे. मामा लांब कामाला आहे असं मीच तिला सांगून ठेवलंय, तेव्हा बोलणार तरी काय?

मार्लिस

---

फर्गस फॉल्स
१७ नोव्हेंबर २००२

चि. लॉरेन यास,
आईचे अ. उ. आ.

तुझी ताई म्हणते, तू माझ्या तब्येतीची चौकशी करतोस. तू तुझे मोजे बघ, मागच्या वेळी दोन रंगांचे होते. मी ठीक आहे. या वर्षी बटाट्याच्या पोळ्या लाटल्या नाहीत एवढंच, इतरांना सांगितल्या. चर्चमधली एल्विरा लाटते, पण तिची पोळी जाड, आरपार उजेड दिसत नाही.

डिसेंबरात येईन. रस्त्यावर बर्फ असलं तरी येईन, चर्चच्या चालकाला सांगून ठेवलंय. मला फार दिवस वाटतंय, तुझ्या जेवणाचे पैसे कसे दिसतात ते तुला ठाऊकच नाही. तू आत गेलास तेव्हा ही नाणी नव्हतीच. छान आहेत रे. हातात धरली की वजन कळतं.

जेवायच्या आधी प्रार्थना म्हणत जा, एकटा असलास तरी.

तुझी माया करणारी,
आई

---

तुरुंग, मिनेसोटा
९ डिसेंबर २००२

ति. सौ. मार्लिसताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानावर आलंच असेल, आणि आईने ते हसत सांगितलं असेल. माझ्याकडूनही ऐक.

काल तिने नोट घातली, सँडविच आणलं, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. सुटे पिशवीत टाकले. मग समोर बसली आणि घरी जेवणाआधी धरतो तसे प्रार्थनेसाठी माझे हात धरले. तेवढ्याला परवानगी आहे. तिने डोळे मिटले आणि माझ्या तळव्यात काहीतरी टोचलं. एक नाणं तिच्या मुठीतच राहिलं होतं.

मी तेव्हाच हात वर करून पहारेकऱ्याला बोलवायला हवं होतं. नियम तसाच आहे. मी मूठ मिटली. ताई, ते गरम होतं, तिच्या हाताने. 'आमेन' होईपर्यंत धरू, मग सांगू, असं मनात म्हटलं. पहारेकऱ्याने त्याआधीच पाहिलं. पैसे बाळगल्याचा ठपका आला आणि जूनपर्यंत माझ्या सगळ्या भेटी बंद झाल्या. आईला दाराकडे नेलं तेव्हा सँडविच टेबलावर तसंच होतं. ती वळून म्हणाली, "गार होण्याआधी खा." ते त्यांनी उचलून टाकून दिलं.

जून फार लांब आहे असं मला वाटतंय. लांब आहे का ताई? खरं सांग.

लॉरेन

---

फर्गस फॉल्स
१६ डिसेंबर २००२

लॉरेन,

हो, लांब आहे.

तिला कर्करोग आहे, स्वादुपिंडाचा. उन्हाळ्यात कळला. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, आज मोडते. डॉक्टर म्हणतात, बर्फ वितळेपर्यंत काढेल, पुढचं सांगता येत नाही. तुरुंगाधिकाऱ्यांना मी विनंती केली, चर्चच्या पाद्रींनीही लिहिलं. उत्तर आलं की त्यांना वाईट वाटतं, पण नियम सर्वांना सारखा.

मला तुझा इतका राग आलाय की लिहिताना कागद फाटतोय. एवढं साधं जमू नये? नाणं खाली टाकायचं होतंस. नंतर वाटतं, माझ्या हातात तिने दिलं असतं तर मी टाकलं असतं का?

रोज पत्र लिही तिला. ती वाट बघते.

मार्लिस

---

फर्गस फॉल्स
२ फेब्रुवारी २००३

चि. लॉरेन यास,
आईचे अ. उ. आ.

पडून लिहितेय म्हणून अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय, चालवून घे. तुझी पत्रं मिळतात. ताई वाचून दाखवते आणि वाचताना नाक ओढते.

नाणं मुठीत चुकून राहिलं, असं मी तुरुंगाधिकाऱ्यांना लिहून दिलंय. इथेही तेच लिहिते. हे पत्र तुझ्याआधी जे साहेब उघडतात त्यांनाही माझा नमस्कार. म्हातारीच्या हातून चुका व्हायच्याच. तूही तेच म्हणत राहा.

पण एक सांगते. मला त्याची खंत नाही. तू लहानपणी झोपेत मूठ मिटायचास, माझं बोट आत घेऊन. त्या दिवशी तशीच मिटलीस.

आता मला यायला जमणार नाही. रडायचं असेल तर रड, पण जेवण टाकू नकोस.

तुझी,
आई

---

फर्गस फॉल्स
११ मे २००३

चि. लॉरेन यास,
ताईचे अ. उ. आ.

आईला जाऊन महिना झाला. अंत्यविधीला तुला सोडणार नाहीत हे ठाऊक होतं, तरी पहिल्या बाकावर एक जागा मोकळी ठेवली होती. त्या माणसाची बायको आली होती. तिने डबाभर शिजवून आणलं, माझ्या हातात दिलं आणि निघून गेली.

तुला पत्र लिहायला दोन गोष्टींनी भाग पाडलं. आईचा रविवारचा कोट कपाटातून काढला, तर खिशात ती पारदर्शक पिशवी निघाली, सोनेरी नाण्यांनी भरलेली, तोंडाला गाठ मारून. जूनची तयारी होती. ती स्वतः येणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणजे पिशवी कोणासाठी ठेवली ते उघड आहे.

दुसरी ब्रिटा. तिचा आणखी एक दात पडला आणि सकाळी उशीखाली काही नव्हतं, कारण माझ्या लक्षातच राहिलं नाही. ती म्हणाली, आजी गेली म्हणून मामाचा कारखाना बंद पडला का? मग मी तिला जवळ बसवून सगळं खरं सांगितलं. माणूस मेला तेही. तिने एवढंच विचारलं, "मग आता मामाच्या सँडविचचे पैसे कोण घालतं?"

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी येतोय. मला तिथलं काही माहीत नाही, कसं काय करायचं ते कळव.

तुझी,
मार्लिसताई

---

तुरुंग, मिनेसोटा
१९ मे २००३

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घडी फाटेपर्यंत वाचलं. पिशवीचं तर मोठ्यानेच वाचलं गेलं. शेजारच्या कोठडीतल्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, आईने जेवणाचे पैसे पाठवलेत.

दारावर कोट काढायला लावतील, रागावू नकोस. पिशवी वर धरून दाखव. मशीन डाव्या भिंतीला आहे. दोन कोंबडीची सँडविच आणि ब्रिटाला हवं ते घे. आईची नाणी मशीनमध्ये गेली तर जाऊ देत, ती त्यासाठीच ठेवली आहेत. पण एकदा तरी पाचाची नोट घाल, ब्रिटाला सुटे पडताना ऐकायचे असतील. दातपरीचं एक माझ्याकडून राहिलंय.

प्रार्थनेला बसण्याआधी तुम्ही दोघी हात उघडून पहारेकऱ्याला दाखवा. मीही दाखवीन. मग धरू.

नाणी ब्रिटालाच काढू दे. आई त्या खणापाशी वाकायची तेव्हा मला जागेवरून उठता यायचं नाही, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. खण अगदी खाली आहे. ब्रिटाची उंचीच तेवढी, तिला वाकावं लागणार नाही.

वाट बघतो. लोभ आता कमी होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
लॉरेन