आई इंग्रजी शिकतात

३ मार्च
सासूबाई आज आपण होऊन म्हणाल्या, "अस्मिता, मले इंग्रजी शिकव वं." धम्मदीपची बंगलोरला बदली झाल्यापासून आई सोबत येणार की नाही, ते कळतच नव्हतं. विचारलं की एकच उत्तर — "पाहू." आता इंग्रजी शिकायचंय म्हणजे येणारच, दुसरं काय? जिवात जीव आला. यांना इथे नागपुरात, इंदोऱ्याच्या घरी एकटं ठेवून मला तिकडे घास उतरला नसता.

४ मार्च
आमच्या साहिलचं शाळेचं पुस्तक घेऊन बसलो. आधी शब्द, मग सोपा अर्थ, मग वाक्य. अम्ब्रेला — पावसात डोक्यावर धरतात ती. पुस्तकातलं वाक्य, माय अम्ब्रेला इज रेड. आई अडून बसल्या.
"आपली काळी आहे. लाल काहून म्हणू?"
"अहो, उदाहरण आहे नुसतं."
"उदाहरणात खोटं चालते का?"
शेवटी छत्री काळी केली, तेव्हा गाडी पुढे सरकली.

७ मार्च
नेबर — शेजारी राहतो तो. आईंचं वाक्य: "ताराचंद इज माय नेबर. ही टॉक्स टू मच." हसून हसून माझं पोट दुखलं.

१२ मार्च
हल्ली शब्द त्याच आणतात. प्लंबर, लॉक, सिलिंडर. "द टॅप लीक्स. आय कॉल द प्लंबर." आज गॅसच्या फोनवरची बाई भराभरा इंग्रजी बोलायला लागली, तर आई म्हणाल्या, "स्लोली, प्लीज." आणि ती खरंच हळू बोलली! विहारात सगळ्या बायकांना सांगून आल्या. धम्मदीप म्हणतो, तिकडच्या सोसायटीत आई सेक्रेटरी होणार.

१५ मार्च
भरीत केलं. पाहुणे आले. अभ्यास बुडाला.

१८ मार्च
"एकटीले काय म्हणतात?" आईंनी विचारलं. अलोन — जिच्यासोबत कोणी नाही ती. जरा वेळ पुटपुटल्या, मग म्हणाल्या, "आय ॲम नॉट अलोन." माझे डोळेच भरले. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलो, पण असं कधी बोलल्या नव्हत्या. मोबाईलवर त्यांना तिकडची त्यांची खोली दाखवली, खिडकीसकट. "गुड रूम," म्हणाल्या. फार बरं वाटतंय आज.

२१ मार्च
धम्मदीप तिकिटं काढायला बसला. "आई, तुझं वय किती टाकू?" आई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "स्टे मीन्स नॉट गो. आय स्टे इन नागपूर. यू गो. आय ॲम हॅपी."
मराठीत बोलल्या असत्या तर आम्ही अर्ध्यावरच तोडलं असतं, समजूत घालत बसलो असतो. इंग्रजीत पूर्ण ऐकून घेतलं.
तीनच तिकिटं काढली.