मनोऱ्यासमोरचं पाणकणीस

१० जाने., शनि.
कमिटीची मीटिंग. फेब्रुवारीत पक्षी महोत्सव, त्याची तयारी. विषय तिसरा: तळ्याकाठच्या निरीक्षण मनोऱ्यासमोर पाणकणीस, ते पुरुषभर उंच पाणगवत, फार माजलंय, पाहुण्यांना त्यापलीकडची बदकं दिसत नाहीत, तर ते कापून टाकावं. सगळ्यांचे हात वर. पक्षी नीट दिसावेत म्हणून पक्ष्यांचा आसरा कापायचा, आणि हे ठरवणारे कोण, तर पक्षीमित्र.

मी म्हटलं, त्या पाणकणसात संध्याकाळी दलदल ससाणे झोपायला उतरतात. सगळा हिवाळा तिथेच असतात. कापलंत तर जातील.

डॉ. सबनीस, आमचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. यांना आयुष्यभर तोंड उघडं असलेली पण बोलू न शकणारी माणसंच भेटली, त्यामुळे समोरचा उत्तर देईल ही कल्पनाच नाही. म्हणाले, "फोटो आहे का, मॅडम?"

नाही.

"मग नोंद नाही."

पुढचा विषय, चहा.

११ जाने., रवि.
रात्रभर झोप नाही. सकाळपासून लष्कराच्या छावणीत तोफांचा सराव, फडताळात कपबश्या वाजतायत. नलूला (धाकटी बहीण, आम्ही दोघीच राहतो) सगळं सांगितलं. तिने मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, जन्मभर कोर्टात स्टेनो होतीस, दुसऱ्यांची भांडणं लिहून घेतलीस. आता स्वतःची करतेयस होय?"

होय. खरंच तसंच.

या लोकांना ससाणे का दिसले नाहीत, ते सरळ आहे. पहाटे गाड्या काढून येतात, थापट्ये नि चक्रवाक, असली बदकं मोजतात, नऊ वाजता मिसळीवर बसतात, दुपारी घरी. मनोरा साडेपाचला बंद, कुलूप लागतं. ससाणे येतात त्यानंतर. त्या उजेडात फोटो काय येणार? मी मोबाइलवर काढून पाहिला. काळ्यावर काळा ठिपका. डॉक्टरांना पाठवला असता तर म्हणाले असते, कीड लागलीय.

१३ जाने., मंगळ.
गेले. एसटी, मग फाट्यावरून पायी. मनोऱ्याला कुलूप लागल्यावर बांधावर फोल्डिंगची खुर्ची टाकली.

सूर्य बुडाल्यावर पहिला आला. अगदी पाण्यालगत, पंख वर उचलून धरलेले, दोन हलके फटके आणि मग नुसता तरंगत. वारकरी पक्षी, ते काळे, पांढऱ्या कपाळाचे, घाबरून एका जागी गोळा झाले, पाण्यावर काळा गालिचा. याचं लक्षच नाही. दिवसाचं काम संपलेलं. मागून एक मादी, मलईच्या रंगाचं डोकं. मग आणखी. पाणकणसावर घिरट्या, पाय खाली सोडून उतरणं, पुन्हा उठणं. जागेवरून कुरबूर चाललेली, डब्यात रात्री चढलेल्या उतारूंसारखी. शेवटी सगळे आत. पाणकणीस एकदा हललं आणि थांबलं.

कुणी म्हणो, नोंद नाही. मी पाहिलंय.

१५ जाने., गुरु.
ग्रुपवर लिहिलं: एका संध्याकाळी या, एवढंच मागते. उत्तरादाखल अंगठे, जोडलेले हात, आणि कालपासून उरलेला तिळगूळ. येतो म्हणणारा एकही नाही.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. दलदल ससाणा काय, दिवसा सगळ्यांनाच दिसतो, तो झोपतो कुठे याची उठाठेव कशाला, पाहुणे लांबून येणार वगैरे. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या बेडरूमची भिंत काढू या. पाहुण्यांना तुम्हीही नीट दिसाल."

फोन ठेवला. त्यांनी.

१९ जाने., सोम.
आज कापायला सुरुवात. मला कुणी कळवलं नव्हतं. सहज गेले म्हणून दिसलं. गावातला भिका, तीन माणसं, एक होडी. सकाळपासून लागलेले. मी पोचेपर्यंत डावीकडचं निम्मं आडवं पडलेलं, बुंधे पाण्यातून वर आलेले.

मी चपला बांधावर काढल्या, साडी खोचली, खुर्ची घेऊन चिखलात उतरले आणि उरलेल्या पाणकणसापुढे मांडून बसले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, बाईमाणसाने आवाज चढवू नये. नाही चढवला.

भिका आधी हसला. "मॅडम, सरका तिकडं. विळा हाय हातात."

"मग जपून धर."

"तुम्ही अशा बसल्या तं कापायचं कसं?"

"नाही कापायचं."

माणसं होडीतच बसून राहिली. एकाने तंबाखू काढली. भिकाने डॉक्टरांना फोन लावला, 'बाई चिखलात बसल्यात' हे तीनदा सांगितलं, मग फोन माझ्या हातात. डॉक्टर चिडलेले. मी म्हटलं, पोलीस बोलवा किंवा स्वतः या. संध्याकाळी या. बघा. मग ठरवा.

बरीच हुज्जत. शेवटी ठरलं ते असं: शनिवारी, २४ला, कमिटीचे पाचजण सूर्यास्ताला बांधावर येणार. तोवर कापणी बंद. ससाणे उतरताना दिसले तर उरलेलं पाणकणीस राहील. नाही दिसले तर रविवारी सगळं जाईल, आणि मग या विषयावर मी पुन्हा शब्द काढायचा नाही. मी कबूल झाले.

घरी नलूने पाय पाहिले. जळवा नाहीत ना, एवढंच विचारलं, आणि गरम पाणी ठेवलं.

२० जाने., मंगळ.
मी गेले. ससाणे आले, पण थेट उतरेनात. कापलेल्या भागावरून फेऱ्या. काही उरलेल्यात शिरले, बाकीचे उठून पाण्यापलीकडे गेले. तिकडे ऊस आहे. उसात झोपतात का? माहीत नाही. तो ऊसही महिन्याभरात तुटेल.

२१ जाने., बुध.
कालच्याहून कमी.

२२ जाने., गुरु.
भिका बांधावर आला, उभा राहिला. आज एकच मादी उतरली. तो म्हणाला, "एवढ्यासाठी बसता व्हय? ही तं घार हाय."

घार नाही, म्हटलं. शेपूट बघ, घारीची दुभंगलेली असते.

"मला लांबून समदं सारखंच. पण झोपाय आली, एवढं दिसलं."

शनिवारी ये आणि हेच त्यांच्यासमोर बोल, म्हटलं. तो हसला. "ते मलाच इचारतील, मग तू कापलं कशाला? काय सांगू?"

त्याच्यावर माझा राग नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं. राग आहे तो शहाण्यांवर.

२३ जाने., शुक्र.
थंडी वाढली. वाऱ्याने पाणी हललेलं, वारकरी लांब गेलेले.

आज एकही उतरला नाही. मलईच्या डोक्याची मादी आली, बुंध्यांवरून दोनदा गेली, उरलेल्या पाणकणसावर क्षणभर पंख थबकले, पाय खाली सुटले. मग वळली आणि पाण्यापलीकडे दिसेनाशी झाली. अंधार पडेपर्यंत बसले. आणखी कुणी नाही.

एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले. थोडंच.

नलू म्हणते, तारीख पुढे ढकल. महिनाभर जागा शांत ठेवा, पक्षी परत येतील, मग दाखव. म्हणते ते खरं आहे. पण कोर्टात तारखा पुढे ढकललेल्या मी जन्मभर पाहिल्या, आणि कुणाच्या सोयीने ढकलल्या जातात तेही. महोत्सव महिनाभर थांबायचा नाही. मी पुढची तारीख मागितली की डॉक्टर म्हणणार, बाईंकडे दाखवायला काही नाही. आणि उद्या ते पाचजण, अर्धं घर आपणच मोडून, उरलेल्या अर्ध्याकडे बघून म्हणणार, इथे तर कुणी राहत नाही.

तरी कळवलं: उद्या साडेपाच. मनोऱ्यावर नाही, बांधावर. पांढरे कपडे नकोत. फोन बंद. बोलायचं नाही. डॉक्टरांचा अंगठा आला.

ससाणे आले तर ठीकच. नाही आले तर रविवारी सकाळी भिका होडी काढेल. मी कबूल झाले ते आज पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, शब्द न् शब्द, साक्ष उतरवून घ्यायचे तसं. शब्द काढायचा नाही, हे कबूल केलंय. नाही काढणार.

चिखलात बसायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही.